केबिनमध्ये वुड स्टोव्ह बसवताना आधी छताकडे बघा

पुण्याजवळ मुळशी, पानशेत, वेल्हे, पवना या बाजूंना ज्यांची लाकडी किंवा पोर्टेबल केबिन आहे, त्यांचा दिवाळीनंतरचा हमखास प्रश्न म्हणजे वुड स्टोव्ह (खोली उबदार ठेवणारी लाकडाची बंद शेगडी) कोणता घ्यावा. सुरुवातच चुकीच्या टोकाने होते. स्टोव्ह ही शेवटी जाड पत्र्याची किंवा बिडाची पेटी. नाही आवडली तर भंगारात घालून दुसरी आणता येते. छताला पाडलेलं भोक मात्र कायमचं. आग लागण्याचा धोका तिथेच जास्त आणि जूनमध्ये पाणी गळतं तेही तिथूनच. त्यामुळे बजेट ठरवताना धुरांड्याचा आकडा आधी काढा. तो स्टोव्हच्या किमतीइतका आला, कधी त्याहून जास्त आला, तरी दचकू नका.

दुसरं म्हणजे यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ बर्फाच्या मुलखातले असतात. आपल्याकडे थंडी सौम्य आणि पाऊस झोडपणारा. या फरकामुळे इथे स्टोव्ह लहान लागतो, धुरांडं उंच लागतं आणि छताचा सांधा दुप्पट काळजीने करावा लागतो.

किती मोठा स्टोव्ह

१२ × १६ फुटांची, ९ फूट उंच केबिन धरा. आतली हवा साधारण ४९ घनमीटर. थंड देशांतला ढोबळ हिशेब १४-१५ घनमीटरला १ किलोवॉट असा आहे, म्हणजे साडेतीन किलोवॉट. पण तो बाहेर शून्याच्या आसपास आणि आत २० अंश धरून केलेला. आपल्याकडे खोऱ्यातल्या थंड रात्री बाहेर ८-१० अंश असतात आणि आत १८-२० झाले की माणूस स्वेटर काढतो. निम्म्यात भागतं. सगळ्यात छोटा, ४-५ किलोवॉटचा स्टोव्हसुद्धा या खोलीला ऐसपैस होतो.

तरी लोक 'असू दे जरा मोठा' म्हणून १० किलोवॉटचा आणतात. अर्ध्या तासात खोलीची भट्टी होते, मग हवेची झडप आवळली जाते. लाकूड जळायचं सोडून धुमसू लागतं, धूर पाइपमध्येच थंड होतो आणि त्यातलं डांबर आतल्या बाजूला बसतं. हे क्रिओसोट. आधी चिकट, मग काचेसारखं चकचकीत, आणि एक दिवस ते पेटतं. धुरांड्यातली आग १,००० अंशांच्या वर जाऊ शकते. छोटा स्टोव्ह मोकळ्या हवेवर जोरात जाळणं हाच त्यावरचा इलाज.

लाकूडही फार लागत नाही. कोरड्या लाकडाच्या १ किलोत साधारण ४ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता असते, बऱ्या स्टोव्हमधून त्यातली अडीचेक युनिट खोलीत येते. म्हणजे तासाला पाऊण-एक किलो, पाच तासांच्या संध्याकाळीला चार-पाच किलो. शनिवार-रविवारच वापरणार असाल तर अख्ख्या हिवाळ्याला दीड क्विंटल भरपूर झालं.

उंची आणि ओढ

धुरांडं हवा ओढतं कारण आतला गरम धूर बाहेरच्या हवेपेक्षा हलका असतो. जुना तांब्याचा बंब मधल्या नळीमुळे पेट घेतो, तसंच हे. बाहेर जितकं थंड तितकी ओढ जास्त. धूर २०० अंशांचा धरला, तर बाहेर उणे १० असताना मिळणाऱ्या ओढीपेक्षा बाहेर १५ अंश असताना ती सुमारे २० टक्क्यांनी कमी भरते. शिवाय पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर, हवा थोडी विरळ. परदेशी स्टोव्हच्या पुस्तिकेत लिहिलेली किमान उंची म्हणून आपल्याला काठावरच पडते.

स्टोव्हच्या डोक्यापासून टोपीपर्यंत १५ फूट ही मी खालची मर्यादा मानतो, जमलं तर १६-१७. त्याशिवाय छतावरचा नियम वेगळा पाळायचा: पाइप जिथे छतातून बाहेर येतो तिथून किमान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल (रिज म्हणजे छताचा माथा, पाण्याची टाकी, शेजारचं छप्पर) त्याच्याहून किमान २ फूट वर. एकमजली केबिनमध्ये १५ फूट गाठायचे तर पाइप छतावर सहा-सात फूट निघतो. ५ फुटांच्या वर गेलेल्या पाइपला तीन बाजूंनी ताण (आधाराच्या तारा) द्यावेच लागतात. खिंडीतला वारा जूनमध्ये नुसत्या पाइपला उभा राहू देत नाही.

पाइपचा व्यास स्टोव्हच्या तोंडाइतकाच, बहुधा १२५ किंवा १५० मिमी. वर जाताना बारीक करायचा नाही. शक्य तितका सरळ उभा. वळण लागलंच तर ९० अंशांच्या एका कोपऱ्याऐवजी ४५ चे दोन. भिंतीतून बाहेर काढून मग वर नेलेला पाइप दिसायला सोपा, पण तो सगळा बाहेर गार पडतो, ओढ मंदावते आणि डांबर जास्त बसतं. सरळ छतातून जाणं त्रासाचं वाटलं तरी तेच करा.

आधी ओळंबा

चांगली जागा बघून स्टोव्ह मांडतात आणि मग वर भोक पाडायला घेतात, तिथे नेमका वासा किंवा पर्लिन (पत्रा ज्यावर बसतो तो आडवा आधार) आडवा येतो. मग वासा कापला जातो, नाहीतर पाइपला नको असलेलं वळण पडतं. उलट करा. छताच्या आतून दोन वाशांमधला मध्य काढा, तिथे खिळा मारून ओळंबा सोडा. टोक जमिनीवर जिथे स्थिर होईल तिथे स्टोव्हच्या तोंडाचा मध्य येणार. वासा हलत नाही, स्टोव्ह चार इंच सरकतो.

हा मध्य निवडताना रिजच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा. रिजजवळच्या भोकावर छताचं पाणी कमी वाहून येतं, धुरांड्याला उंचीही कमी लागते. पन्हळीजवळ, दोन उतारांच्या खाचेत किंवा झाडाच्या फांदीखाली भोक नकोच.

पाइप कुठून करून घ्यायचा

परदेशी तयार डबल वॉल पाइप (पाइपात पाइप, मध्ये उष्णता अडवणारा थर) मिळतो, पण महाग पडतो आणि एखादा तुकडा कमी पडला की काम अडून बसतं. भोसरी, चाकण, नऱ्हे या भागांत जनरेटरच्या एक्झॉस्टचं लॅगिंग-क्लॅडिंग करणारे फॅब्रिकेटर आहेत. गरम पाइपवर वूल गुंडाळून वर पत्रा चढवणं हे त्यांचं रोजचं काम. हॉटेलच्या किचनचे डक्ट करणाऱ्यांपेक्षा यांच्याकडे जा. डक्टवाल्यांच्या हातात बहुतेक जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पत्रा असतो. स्टोव्हच्या लगतच्या पाइपला तो चालत नाही. जस्त ४१९ अंशांना वितळतं, आणि त्याआधीच थर खराब व्हायला लागतो.

मागणी नेमकी अशी द्या. स्टोव्हपासून छताच्या दीड फूट खालपर्यंत सिंगल पाइप, २ मिमी एमएस (साधं पोलाद), वर ६०० अंशांचा हीट रेझिस्टंट पेंट. हा भाग उघडाच ठेवायचा, तोही खोलीला ऊब देतो. तिथून टोपीपर्यंत डबल वॉल: आतला १५० मिमी, एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४, १ मिमी जाड, उभा सांधा आर्गॉन वेल्डिंगचा. बाहेरचा २५० मिमी, ०.८ मिमी. मधल्या ५० मिमीत सिरॅमिक वूलचे २५ मिमीचे दोन थर, घनमीटरला १२८ किलो घनतेचे, सांधे एकावर एक न येतील असे. तीन-तीन फुटांचे तीन तुकडे धरले तर ७.३ मीटर × ६१० मिमीचा एक रोल पुरून उरतो. ग्लासवूल नको, धुरांड्याच्या आगीत ते टिकत नाही. वूल हाताळताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या. त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात.

एसएस २०२ देऊन ३०४ चे पैसे घेणं सर्रास चालतं. चुंबकाने फरक कळत नाही, दोन्हीला चिकटत नाही. धातू तपासायच्या लिक्विडचा थेंब टाकून बघायला सांगा. २०२ घाटातल्या पावसात लवकर तांबूस पडतं.

आता सगळ्यात जास्त वेळा उलटी होणारी गोष्ट. धूर वर जातो म्हणून कारागीर खालच्या पाइपचं तोंड वरच्याच्या आत घालतात. हवं बरोबर याच्या विरुद्ध. वरच्या पाइपचं टोक खालच्याच्या आत गेलं पाहिजे, म्हणजे ओघळणारं डांबर आणि पाणी पाइपच्या आतूनच खाली येऊन जळतं. चुकीच्या सांध्यातून काळे ओघळ बाहेर येतात, ते निघत नाहीत आणि वास वर्षभर राहतो. प्रत्येक सांध्याला एसएसचे तीन स्क्रू. बंद होणारा डँपर (पाइपमधली झडप) असेल तर त्याच्या पात्याला भोक किंवा काप हवाच. पूर्ण बंद होणारं पातं म्हणजे विषारी वायू खोलीत ढकलायची सोय.

अंतरं

उघड्या सिंगल पाइपपासून लाकूड, प्लाय, पडदा, पॅनेल १८ इंच लांब. प्रमाणित नसलेल्या, म्हणजे स्थानिक बनावटीच्या स्टोव्हपासून सगळ्या बाजूंनी ३६ इंच. बारा फुटी खोलीत ३ फूट सोडणं जड जातं, म्हणून भिंतीसमोर ढाल उभी करतात: पत्रा, आणि भिंत व पत्र्यामध्ये २५ मिमी मोकळी हवा. नीट केलेल्या ढालीने ३६ चे १२ इंच होतात. ढाल खालून आणि वरून इंचभर उघडी असली तरच हवा खेळते. लाकडी पट्ट्या ठोकून तीन बाजू बंद केल्या की त्या पत्र्याचा उपयोग संपला. आधार म्हणून लोखंडी नळीचे तुकडे वापरा, आणि ते स्टोव्हच्या थेट मागे नकोत.

'हात लावला तर भिंत फार तापत नाही' हा युक्तिवाद इथे चालत नाही. लाकूड वर्षानुवर्षं तापत राहिलं की आतून हळूहळू कोळसा होत जातं आणि मूळच्यापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला पेट घेतं.

फरशी लाकडाची असेल तर खाली पत्रा आणि त्यावर दोन इंच विटा किंवा शहाबादी फरशी. स्टोव्हचे पाय किमान ६ इंच उंच हवेत. दारासमोर १८ इंच, बाजूंना आणि मागे ८ इंच बाहेर. ४ × ३.५ फुटांचा असा चौथरा पावणेदोनशे किलोपर्यंत जातो, त्यावर ८०-१०० किलोचा स्टोव्ह. पोर्टेबल केबिनच्या खालचा लोखंडी सांगाडा बघून पाय आडव्या चॅनेलवर येतील असं मांडा.

छताचं भोक

पफ (पॉलीयुरेथेन फोम) किंवा थर्माकोलच्या सँडविच पॅनेलचं, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम असलेलं छत असेल तर सगळ्यात सावध. थर्माकोल १०० अंशांच्या आतच मऊ पडतो आणि पेटला तर थेंबाथेंबाने जळत गळतो. बाहेरच्या २५० मिमी पाइपभोवती चारही बाजूंनी १०० मिमी सोडून ४५० मिमीचा चौकोन कापा, फोमच्या उघड्या कडा पत्र्याच्या यू चॅनेलने बंद करा. लाकडी वाशांनाही तितकंच अंतर. प्रमाणित पाइपला ५० मिमी चालतं, पण आपण करून घेतलेल्या पाइपची चाचणी कुणी केलेली नसते. ही पोकळी रिकामीच ठेवायची. कारागीर तिथे वूल कोंबतात, त्याने उष्णता अडकते. खालून छताशी पत्र्याची चौकट लावून पाइपचा भार तिच्यावर घ्या. पाइपचं वजन स्टोव्हच्या डोक्यावर येऊ देऊ नका.

कलर कोटेड पत्रा ग्राइंडरने कापू नका. ठिणग्या रंगात रुततात आणि पहिल्या पावसाळ्यातच त्या प्रत्येक ठिपक्याला गंज धरतो. निब्लर (पत्रा कुरतडत कापणारं हत्यार) किंवा हातकातर वापरा. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असतं, कोरडे कापले की धूळ उडते. तो एक पत्रा अख्खा काढून त्या जागी साधा लोखंडी पत्रा टाका आणि भोक त्यात पाडा. कौलारू छतात चार-सहा कौलं काढून पत्र्याचा तुकडा बसवायचा, रिपा कापून आडव्या लाकडांची चौकट करायची. स्लॅब असेल तर कोअर कटिंग (यंत्राने गोल भोक), बीम टाळून. तिथे मात्र भोवतालची फट रॉकवूलने भरली तरी हरकत नाही, काँक्रीट जळत नाही. वर पाण्यासाठी पाइपभोवती सिमेंटचा वाटा (उतरती गोलसर कड) करून घ्या.

आता गळती. नव्वद टक्के लोक पाइपभोवती सिलिकॉनची नळी रिकामी करतात आणि काम झालं म्हणतात. स्टेनलेसचा ४ मीटरचा पाइप २०० अंशांनी तापला तर जवळजवळ १४ मिमी वाढतो. बाहेरचं कवच इतकं तापत नाही, पण तेही रोज थोडं हलतं. सिलिकॉनचा एकच कडा पाइप आणि पत्रा दोघांना धरून बसला असेल तर एका हिवाळ्यात तो सुटतो, आणि कळतं ते जूनमध्ये. दोन वेगळे भाग करा. छताला पक्का जोडलेला शंकूसारखा गळा, आणि पाइपला पक्की जोडलेली कॉलर, जी त्या गळ्यावर छत्रीसारखी येते पण त्याला चिकटत नाही. पाइप वरखाली होऊ दे, पाणी कॉलरवरून गळ्याबाहेर पडतं. सिलिकॉन लावायचं ते कॉलर आणि पाइपच्या वरच्या कडेला, तेही हाय टेंपरेचर.

गळ्याचा तळपत्रा घडीच्या पत्र्यावर नुसता स्क्रूने दाबला तर वरून आलेलं पाणी त्याच्या वरच्या कडेतून आत शिरतं. खात्रीचा उपाय म्हणजे तळपत्रा रिजपर्यंत लांब घ्यायचा: वरची कड रिजच्या टोपीखाली, खालची कड छताच्या पत्र्यावर, मध्ये ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी). पत्रा जरा जास्त जातो, पण ताम्हिणीच्या आडव्या पावसातही तो धरतो. पाइपच्या टोकाला झालरीची टोपी घ्या, नुसती सपाट थाळी नको. टोपीला जाळी लावली तर भोकं अर्ध्या इंचापेक्षा बारीक नकोत, काजळीने बुजतात.

हवा

नव्या केबिनच्या खिडक्या घट्ट असतात. जळायला हवा कुठून येणार? स्टोव्हजवळ भिंतीत खालच्या बाजूला १०० मिमीचा पाइप बाहेर काढा, बाहेरून जाळी लावा. एक्झॉस्ट फॅन चालू असताना स्टोव्ह पेटवू नका, फॅन धूर उलटा खोलीत ओढतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऐच्छिक समजू नका. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने जे होतं तेच इथे झोपेत होतं, आणि या वायूला वास नसतो.

पहिले जाळ

पहिले तीन जाळ लहान, खिडक्या उघड्या ठेवून. पेंट भाजताना घाण वास येतो, तो दोषाचा नव्हे. याच वेळी पेटती उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळून फिरवा. धूर सांध्यात ओढला गेला तर तिथे फट आहे, सिरॅमिक रोप किंवा फायर सिमेंटने बंद करा. पेटवताना धूर खोलीत आला तर धुरांड्यात गार हवेचं बूच बसलेलं असतं. वर्तमानपत्राचा एक बोळा पेटवून पाइपच्या तोंडाशी धरा, ओढ सुरू झाली की मग लाकडं.

सिंगल पाइपवर दीड फुटाच्या उंचीला चुंबकाचा थर्मामीटर लावा. १२० ते २४० अंशांत राहिलं की ठीक. सतत १२० च्या खाली म्हणजे डांबर बसतंय, २६० च्या वर म्हणजे झडप कमी करा.

लाकूड वखारीतून आणताना बाभूळ, निलगिरी, सुबाभूळ, आंबा जे मिळेल ते चालेल, ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा. मीटर वरून टोचू नका. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचा, वरची साल नेहमीच कोरडी दाखवते. मनगटाएवढे फोडून दिवाळीपासून मेपर्यंत उन्हात, आणि मग पत्र्याखाली जमिनीपासून वर. सेंट्रिंगच्या फळ्या फुकट मिळतात, पण त्यांना तेल आणि सिमेंट लागलेलं असतं. प्लाय, सनमायका, रंगवलेलं लाकूड तर अजिबात नको.

साफसफाई हिवाळा संपल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये करा. काजळी आणि पावसाळ्याची दमट हवा मिळून पाइप आतून कुरतडतात, म्हणून दिवाळीपर्यंत थांबणं महाग पडतं. १५० मिमीचा ब्रश दांड्यांवर लावून वरून खाली. साखळी आपटून काजळी काढतात, त्याने एसएसला चरे पडतात. आत ३ मिमीचा थर दिसला की लगेच घासायचं, मग महिना कुठलाही असो. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, केबिनच्या बाहेर. आतले निखारे दोन-तीन दिवससुद्धा जिवंत राहतात. जूनच्या आधी टोपीवर जाड प्लॅस्टिक बांधा, आतल्या लोखंडाला तेलाचा हात द्या, दार बोटभर उघडं ठेवा. आणि नोव्हेंबरमध्ये पेटवण्याआधी ते प्लॅस्टिक काढल्याची खात्री करा.